एकविसावा वेताळ

मे महिन्यातला रविवार. जेवणं उरकली होती, आमरसाचं पातेलं अजून ओट्यावरच होतं, आणि पंखा पाचावर असूनही डोंबिवलीची दुपार जागची हलत नव्हती. टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला होता. म्हणजे मीच लावला होता. तेरा वर्षांचा भाचा सुट्टीला आलेला, त्याला दाखवू या म्हणून. बाहुला पहिल्यांदा डोळे फिरवतो ती जागा जवळ आली तशी मी सवयीने उशी छातीशी ओढली, आणि ईशानने मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला, “मावशी, ही तर चकीची कॉपी आहे.” नुसतं म्हणून थांबला नाही, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. चकी म्हणजे ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमातला झपाटलेला बाहुला, १९८८. आपला १९९३चा. मधली पाच वर्षं त्याने बोटांवर मोजून दाखवली. दुकानदाराने गिऱ्हाइकाला बिल समजावून सांगावं, तसं.

बरं, मला हे ठाऊक नव्हतं अशातलाही भाग नाही. वीसेक वर्षं ठाऊक आहे. गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो, मग त्याला त्या रबरी कुडीतून सुटण्यासाठी ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच माणसाच्या देहात जावं लागतं. सांगाडा तोच आहे, कुणी लपवूही शकणार नाही. तरीही संध्याकाळी गवार मोडताना माझं डोकं तिथेच अडकून होतं. पोराच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, उद्धटपणाही नव्हता. मग लागलं काय? कुणीतरी आपलं कपाट उघडून आतली एक साडी बाहेर काढावी आणि म्हणावं, ही तुझी नाही गं, तसं काहीसं. साडी नेसून जुनी झालेली, तिला माझ्या घामाचा, नॅप्थलिनच्या गोळ्यांचा वास. आणि ही म्हणे माझी नाही.

मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो ९४च्या चवथीत, वेंगुर्ल्याकडे, आजोळी. गणपतीसमोरची भजनं संपल्यावर भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि टीव्ही खळ्यात मांडला होता. समोर निम्मी वाडी बसलेली. पाऊस नुकता थांबून गेलेला, शेणाने सारवलेल्या जमिनीचा ओलावा घोंगड्यातून वर येत होता, आणि मागे कुणीतरी उकडीच्या मोदकांचं ताट फिरवत होतं. तात्या विंचू चालायला लागला तेव्हा पुढे बसलेली पोरं एकदम मागे सरकली, इतकी की मागच्या म्हाताऱ्यांच्या पायांवर बसली. त्या रात्री न्हाणीकडे एकटं जायची कुणाची छाती झाली नाही. घरात कपाटावर आईच्या लहानपणची सावंतवाडीची लाकडी ठकी होती, रंग उडालेली, एक डोळा पुसट झालेली. मी ती उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. सकाळी आजीने परत सरळ केली, रात्री मी परत फिरवली. विसर्जनापर्यंत आमचं हे चाललं होतं.

पुढे २००१च्या आसपास पुण्यात होस्टेलवर कुणीतरी ‘चाइल्ड्स प्ले’ची सीडी आणली. एका खोलीत दहा-बारा मुली, एक कॉम्प्युटर, फरसाणाची पिशवी. आणि मला आठवतंय, अर्ध्या तासात मी शेजारणीच्या कानात म्हटलं होतं, “हा तर तात्याची नक्कल करतोय!” ती हसली, मीही हसले, पण खरं सांगायचं तर ते गमतीने म्हटलेलं नव्हतं. मला तो चकी खरंच उणा वाटत होता. त्याच्या तोंडी आपली भाषा नाही, त्याच्यामागे रामदास पाध्यांचा हात नाही, गुंडाच्या रूपात दिलीप प्रभावळकर नाहीत. समोर घाबरायला लक्ष्या नाही, सहा वर्षांचं एक गोरं पोर आहे. आता पोर घाबरलं तर त्यात नवल ते काय! मोठा माणूस आईच्या पदराआड शिरू बघतो आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा हसू आणि भीती एकाच वेळी येते. शेवटी चकीला गोळी हृदयात बसते, तेही मला चुकीचं वाटलं. तात्याला ती दोन भुवयांच्या मधोमध लागते. जिथे आपण गंध लावतो तिथे.

माझ्या लेखी चकीच उशिरा आला होता.

ईशानला हे सांगितलं असतं तर त्याने पुन्हा बोटं मोजली असती. त्याची पिढी प्रत्येक गोष्टीची जन्मतारीख खिशात घेऊन फिरते. आमच्याकडे गोष्टी यायच्या त्या बिनतारखेच्या, आणि ज्या क्रमाने आमच्या अंगणात उतरायच्या तोच त्यांचा क्रम. माझ्या लहानपणी एक नव्हे, तीन वेताळ होते. पहिला आरवलीचा, आमचा वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणांचे तळ झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात, हात-हातभर लांबीच्या, आणि सोबत केळीचे घड. देवळात त्या वहाणांचा ढीग बघताना मला चामड्याच्या वासाने कसंतरी व्हायचं, आणि तरी नजर तळांवर जायची, झिजलेत का बघायला. दुसरा ‘चांदोबा’तला, झाडावर लोंबणाऱ्या प्रेतात राहणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारा. आणि तिसरा मामाच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेल्या ‘इंद्रजाल’ कॉमिक्सच्या गठ्ठ्यातला: घट्ट कपडे, काळा मुखवटा, पांढरा घोडा, बोटात कवटीची अंगठी. तो मूळचा ली फॉक यांचा फँटम, १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत जन्मलेला. पण मराठीत त्याचं बारसं वेताळ म्हणूनच झालं होतं, आणि मला काय ठाऊक अमेरिका! मी सरळ हिशेब केला होता. हा आपला वेतोबाच. रात्री गस्त घालतो, गावकऱ्यांना दिसतो-न-दिसतो, वाईट माणसांच्या मुस्कटात देतो. बाहेरगावी जाताना कपडे बदलतो, एवढंच. मामाला विचारलं तर तो म्हणाला, “असतला बाय, चुलतभाव असतलो.”

त्या तिसऱ्या वेताळाची एक गंमत होती, ती मला तेव्हाच पुरती कळली होती. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं मरतच नाही, चालतं-फिरतं भूत आहे. वाचकाला मात्र पहिल्या पानापासून माहीत असतं की बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, त्याच कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतो, आणि आपण वाचतोय तो एकविसावा आहे. आधीच्या वीस जणांच्या कबरी त्याच गुहेत आहेत. म्हणजे सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच! तरी मला कधी असं वाटलं नाही की हा विसाव्याची नक्कल करतोय, याच्यात नवं ते काय.

‘चांदोबा’चं तर विचारूच नका. दर महिन्याला तेच: राजा हट्टाने झाडाकडे परततो, प्रेत खांद्यावर टाकतो, मुकाट्याने चालू लागतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील अशी धमकी देतो, राजा बोलतो, मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर. चित्रसुद्धा तेच, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार. मुळात वेताळाच्या गोष्टी पंचवीस. ‘चांदोबा’त त्या कधीच संपून गेल्या असणार, पण साचा इतका भक्कम की त्यात नव्या नव्या गोष्टी ओतत दशकानुदशकं निघाली. मी अंक हातात पडला की आधी तेच पान काढायची. सुरुवातीचा परिच्छेद पाठ होता, तरी तो वगळून पुढे गेले नाही कधी. ते वगळलं असतं तर पायरीला नमस्कार न करता देवळात शिरल्यासारखं झालं असतं.

आजोबांचं तर सगळं आयुष्य पाठ असलेल्या गोष्टी बघण्यात गेलं. जत्रेत दशावतार बसायचा, रात्री अकराच्या पुढे. लेखी संहिता नाही, तालीम नाही. मंडळाचा मालक पेटाऱ्याशेजारी बसून नटांना आख्यान सांगणार, आणि तोंडाला सफेदा फासता फासता ते आपापली भाषणं मनात जुळवणार. पखवाजावर थाप पडली की काळ्या वेषातला, लांब लाल जिभेचा संकासुर यायचा आणि आम्ही आजोबांच्या पंच्यात तोंड खुपसायचो. गोष्ट कुठली, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. विचारायचे ते हे, की आज राजा कोण, राक्षस कोण करता. एकदा मी अर्ध्या झोपेत कुरकुरले होते, आबा, ही गोष्ट गेल्या जत्रेत झाली. ते म्हणाले, “गोष्ट माका म्हायत आसा. तो कशी सांगता ता बघूचा.” आणि बघायचेही कसे! एखादा नट समोरच्या राजाच्या प्रश्नाला आयत्या वेळी काहीतरी फर्मास उत्तर द्यायचा, तेव्हा आबा मांडीवर हात मारायचे. चुकला, अडखळला तर दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात त्याची धडगत नसायची.

हे सगळं मी ईशानला रात्री सांगितलं. वीज गेली होती, आम्ही गॅलरीत बसलो होतो, डास चावत होते. तो ऐकत होता, आणि मग त्याने मला गारद केलं. म्हणाला, बॅटमॅनसुद्धा तसाच आहे. १९३९ साली बॅटमॅनची जी पहिली गोष्ट आली ती बिल फिंगर या लेखकाने ‘शॅडो’ नावाच्या दुसऱ्या नायकाच्या एका कथेवरून बेतली होती. आणि मजा म्हणजे पुढे या फिंगरचं नावच बॅटमॅनवर नव्हतं. सगळं श्रेय चित्रकाराला. फिंगर १९७४ साली गेला, नाव लागलं २०१५ साली. दुसरी गोष्ट त्याहून भारी: १९७१ साली अमेरिकेतल्या दोन हाडवैरी कंपन्यांनी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दलदलीतून उठणारा, माणसाचा राक्षस झालेला एकेक नायक काढला. एका कंपनीसाठी लिहिणारा आणि दुसरीसाठी लिहिणारा, हे दोघे एकाच खोलीत राहणारे मित्र! “मग कुणी कुणाचं ढापलं?” मी विचारलं. “कुणास ठाऊक,” ईशान म्हणाला, “दोन्ही चालले.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला संधी दिसली. म्हटलं, तुझ्या त्या सुपरहिरोंच्या सिनेमात शेवटी दर वेळी आभाळाला भोक पडतं आणि त्यातून कसलासा उजेड येतो, ते? तो दुखावल्यासारखा म्हणाला, “मावशी, ते वेगळं. ते युनिव्हर्स आहे.”

ठीक आहे. त्याचं युनिव्हर्स, माझी ती चोरी.

पण मी तरी काय वेगळी आहे? ‘अशी ही बनवाबनवी’ १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून आली हे मला कुणी सांगितलं तर मी खांदे उडवते. ती पुढे तेलुगूत गेली, २००९ साली ‘पेइंग गेस्ट्स’ होऊन हिंदीत परतली, तरी मला घेणंदेणं नाही. कारण माझ्या घरी लग्नकार्यात ज्याचे संवाद ताटं वाढता वाढता फेकले जातात तो मराठीतलाच. आणि २०१८ साली ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा मात्र आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांनी डबे उघडे टाकून भांडभांड भांडलो होतो. उदयपूरच्या हवेल्या कशाला, जात कुठे पुसली, ती बुलेटवरची पोरगी कुठे गेली. रीतसर हक्क घेतलेले, नाव दिलेलं, चोरीचा प्रश्नच नव्हता. तरी आम्हाला वाटत होतं की आमचं काहीतरी नेलं. त्याच वेळी करमाळा कधी न पाहिलेल्या कुणा उत्तरेतल्या मुलीने पहिल्यांदा ‘धडक’च पाहिला असेल आणि थिएटरमधून रडत बाहेर आली असेल. तिला आता ‘सैराट’ दाखवला तर ती शेजारणीच्या कानात काय म्हणेल, ते मला चांगलं माहीत आहे.

एक आठवण मात्र या सगळ्यात बसत नाही, ती बाजूला ठेवता येत नाही म्हणून सांगते. कॉलेजात असताना मी एक एकांकिका लिहिली होती. शेवटी एक म्हातारी दार उघडते आणि बाहेर कुणीच नसतं, पण ती “ये, दमलास?” म्हणून आत वळते, असा काहीसा प्रकार. एका दुसऱ्या संघातल्या मुलाला वाचायला दिली होती. पुढच्या वर्षी स्पर्धेत त्यांच्या एकांकिकेत एक म्हातारा होता, खिडकी होती, आणि बाहेर कुणीच नव्हतं. मी आठव्या रांगेत बसले होते. ज्या श्वासाला प्रेक्षक गप्प व्हावेत असं मी रात्री जागून ठरवलं होतं, त्याच श्वासाला ते गप्प झाले. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. माझ्या हातापायांत मुंग्या आल्या, रागाने आणि, हे सांगायला लाज वाटते, आनंदानेही. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, “अगं पण लोकांना आवडलं ना.” लोकांना आवडलंच होतं. लोकांचं काहीच गेलं नव्हतं. मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही.

म्हणून मला तो पैठणचा गुणाढ्य आठवत राहतो. सातवाहनांच्या दरबारातला. त्याने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, आणि ही असली भुताखेतांची भाषा म्हणून राजाने ती धुडकावली. गुणाढ्याने रानात कुंड पेटवलं, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवलं आणि आगीत टाकलं. जनावरं चारा सोडून ऐकत राहिली, रडत राहिली, वाळली. राजाच्या ताटात येणारं मांस सुकं लागू लागलं तेव्हा कुठे शोध सुरू झाला आणि राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाखही पुढे काळाने नेला. मूळ बृहत्कथा आज कुणाकडेच नाही. आहेत ती नंतरच्यांनी सांगितलेली रूपं. त्यातलं सर्वांत लाडकं सोमदेवाचं, अकराव्या शतकातलं, काश्मीरमधलं, राणी सूर्यमतीसाठी रचलेलं. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ त्यातच आहे, म्हणजे माझ्या ‘चांदोबा’चा पणजोबाच. पण सोमदेव सुरुवातीलाच सांगून टाकतो, मूळ जसं आहे तसंच हे, त्याचं मी जराही उल्लंघन केलेलं नाही. आता मूळच नाही म्हटल्यावर खरंखोटं कोण बघणार? त्याने एका ओळीत गुणाढ्याचं देणं मान्य केलं आणि मोकळा झाला. त्या मुलाने माझ्यासाठी तेवढी एक ओळ म्हटली असती तर मला पुरली असती का? तेव्हा नसती पुरली. आता, पंचेचाळिशीत, बहुतेक पुरेल. बहुतेक.

ईशान पुढचा आठवडाभर होता. ‘झपाटलेला’ त्याने त्या दुपारी शेवटपर्यंत पाहिलाच होता, मोबाइल पालथा ठेवून. लक्ष्या बेंबीच्या देठापासून ओरडत पळतो तिथे तो हसून हसून सोफ्यावरून घसरला होता, पण ते कबूल करायला तयार नव्हता. भुवयांमधल्या गोळीबद्दल मात्र विचारलं, की चकीला हृदयात मारतात, इथे असं का. मी गंधाच्या जागेचं सांगितलं, तिसऱ्या डोळ्याचं सांगितलं. तो “ओके” म्हणाला. म्हणजे पटलं की नाही देव जाणे.

तो जायच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या दारातली चिमी आमच्याकडे खेळायला आली होती. पाच वर्षांची, काखेत कापडी बाहुली, तिचा एक हात उसवलेला. मी आतून पिशव्या भरत होते. बाहेर ईशानने आवाज घोगरा केला, बाहुली दोन्ही हातांनी वर उचलली आणि डोळे पांढरे करून म्हणाला, “ओम फट् स्वाहा!” चिमी किंचाळली, पळाली, दोन मिनिटांनी दाराच्या फटीतून परत आली. “पुन्हा कर.” त्याने पुन्हा केलं. पुन्हा किंचाळी. पाच-सहा वेळा. मग तिने विचारलं, “दादा, हा कोण आहे?”

मी पिशवीची चेन अर्ध्यावर थांबवून कान दिला.

“तात्या विंचू,” ईशान म्हणाला.

तो सकाळच्या गाडीने गेला. दुपारी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं तर चिमी जिन्यात एकटीच बसली होती. बाहुली तिने वरच्या पायरीवर ठेवली होती, उसवलेला हात मांडीखाली दडपून. बोट तिच्या कपाळावर टेकवून ती दबक्या आवाजात बजावत होती, “ओम पट स्वाहा. ऐक गं. ईशानदादाचा मंत्र आहे.”